शुक्रवारी आणलेलं तेल

त्या गाडीच्या तेलाच्या बटणात सायकलच्या वालट्यूबचा तुकडा मीच बसवला होता. हे वाक्य आधी लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता ते टाळायची मला सवय आहे. ही हकीकत कधी कुणाला सांगितलीच, तर 'गाडीत बारीकसा बिघाड होता' एवढंच मी म्हणत आलो. बिघाड आपोआप झाल्यासारखं ते वाटतं. तो मी केला होता, आणि त्याचा आळ माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर घातला होता.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा नगरमध्ये स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बोळात माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, तिच्यापुढे एक कडुनिंब आणि निंबाखाली चहाची टपरी. टपरीवरची बाकडी अर्धी माझ्याच गिऱ्हाइकांनी भरलेली असायची. लष्कराच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून मी मोटारसायकलींचं काम शिकलो होतो. नगरला लष्कर, त्यामुळे जुन्या विलायती गाड्यांना तोटा नव्हता. एखादा साहेब बदलीवर जाताना गाडी विकून जाई, एखादी लिलावात निघे. मग ती कुणा बागाईतदाराकडे किंवा ठेकेदाराकडे जाई आणि तिथून माझ्या शेडमध्ये. तिशीही गाठली नव्हती मी, आणि त्या गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असं मला वाटायचं.

आक्काला पाथर्डीच्या बाजूला दिली होती. दाजींची जमीन कोरडवाहू, एक विहीर. त्या वर्षी विहिरीच्या तळाला भेगा पडल्या. बैल चारा-छावणीत गेले. गावातली निम्मी माणसं खडी फोडायच्या कामावर लागली होती. मी मुद्दाम गेलो आणि दाजींना म्हणालो की गॅरेजचं काम वाढलंय, मला विश्वासाचा माणूस मिळत नाही, तुम्ही आलात तर माझी सोय होईल. हे अर्धंच खरं होतं. पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत बोलावलं असतं तर ते आले नसते. बायकोच्या माहेरच्या अन्नावर जगायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दाजी कोरड्या विहिरीत डोकावून आले. मग म्हणाले, "तुमची अडचन हाय म्हनता, तर येतो." मला जे झाकायचं होतं ते त्यांनी ओळखलं होतं, आणि मला ते झाकू दिलं होतं.

आक्का, दाजी आणि दोन भाचे शेडच्या मागच्या खोलीत राहू लागले.

दाजींना इंजिन अगदीच नवीन नव्हतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन त्यांनी बरीच वर्षं चालवलं होतं. गाडी खोलायची तर आधी गोणपाट झटकून अंथरायचं आणि निघालेला प्रत्येक नट पुसून ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने मांडायचा, ही त्यांची पद्धत. त्यांना घाई करता यायची नाही. मी चिडायचो. टपरीवाला म्हणायचा, "दाजी लगीन लावत्यात नटांचं. अक्षता तेवढ्या ऱ्हायल्यात."

शनिवारी त्यांचा उपास असे. जमेल त्या शनिवारी शनीच्या दर्शनाला शिंगणापूरला जाऊन यायचे. आणि शनिवारी ते तेल विकत घेत नसत. खायचं नाही, दिव्याचं नाही, इंजिनचं तर नाहीच. शनिवारी घरात तेल आणू नये हे आमच्याकडे सगळेच ऐकून असतात, पण पाळणारे थोडे. मी एकदा चेष्टेत म्हटलं, "दाजी, शेडात बघा जरा. सगळीकडं तेलच तेल. हे गॅरेज हाय का शनीचं देऊळ?"

"देवाच्या अंगावरचं तेल देव पीत न्हाई," ते म्हणाले, "तुमचं इंजन पितं. एवढाच फरक." आणि खाली मान घालून नट पुसू लागले.

त्यांच्यासाठी मी नियम करून टाकला होता. शनिवारी आलेल्या गाडीचं तेल रविवारी बदलायचं.

आता ती गाडी. राहुरीकडचे एक मोसंबीचे बागाईतदार होते. त्यांच्या विहिरीला त्या वर्षीही पाणी होतं, आणि बोलण्यातून ते कळायचं. पांढरीशुभ्र पँट, काळा चष्मा, आवाज बोळाच्या तोंडाशी ऐकू यावा असा. त्यांनी एका लष्करी साहेबाकडून दोन सिलिंडरची जुनी विलायती गाडी घेतली होती. तिच्या इंजिनच्या उजव्या बाजूला पुढे एक बारीक धातूचं बटण होतं. गाडी चालू केली आणि आत तेलाचा दाब चढला की ते बटण ज्वारीच्या दाण्याएवढं बाहेर यायचं. गाडी बंद केली की परत आत. बटण बाहेर म्हणजे तेल फिरतंय. बटण आत म्हणजे गाडी ताबडतोब बंद करायची, नाहीतर आतले बेअरिंग जळायचे. बागाईतदार गाडी चालवताना रस्त्यापेक्षा बटणाकडेच जास्त बघायचे.

साधारण महिन्यापूर्वी त्या बटणाच्या कडेने तेल झिरपायला लागलं होतं. ते उडून त्यांच्या पँटवर आलं, आणि ती पँट त्यांनी टपरीवर बसलेल्या सगळ्यांना उभं राहून दाखवली. बटणाच्या दांडीवर एक बारीक रबरी नळी असते, ती झिजली होती. तसली नळी नगरात मिळणं शक्य नव्हतं. मुंबईहून मागवायची तर दिवस जाणार, आणि 'माझ्याकडे नाही' हे शब्द मला त्यांच्यापुढे उच्चारायचे नव्हते. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती बारीक वालट्यूब मी घेतली, मापाचा तुकडा कापला आणि दांडीवर चढवला. झिरपणं थांबलं. बागाईतदार खूष झाले. "डोकं हाय बरं का पोराला," असं म्हणाले. दाजी शेजारीच उभे होते. त्यांनी फक्त विचारलं, "तेलात टिकंल का हे रबर?" मी म्हटलं, "टिकतंय." वालट्यूब हवेसाठी असते, तेलासाठी नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून म्हटलं.

पुढे एका शुक्रवारी बागाईतदार तीच गाडी टाकून गेले. तेल बदलायचं, ब्रेक बघायचे, रविवारी सकाळी घ्यायला येतो म्हणाले. मला संध्याकाळच्या गाडीने सामान आणायला पुण्याला जायचं होतं. पिशवी खांद्याला लावता लावता मी दाजींना सांगितलं, "उद्या ह्याचं तेल बदलून ठेवा." दाजी "बरं" म्हणाले. उद्या शनिवार आहे हे माझ्या डोक्यातही नव्हतं. त्यांच्या होतं. मी बोळ ओलांडला आणि ते डबा घेऊन तेलाच्या दुकानात गेले. हे मला नंतर कळलं.

रविवारी मी पुण्याहून येऊन थेट शेडवर पोचलो तेव्हा बागाईतदार गाडीला किक मारत होते. गाडी एका दणक्यात चालू झाली. ते वाकून बटणाकडे बघत राहिले. बटण बाहेर आलं नाही. त्यांनी गाडी बंद केली, परत चालू केली. बटण आतच.

"अरे, तेल हाय का न्हाई ह्यात?" त्यांचा आवाज टपरीपर्यंत गेला. चहा पिणारे वळून बघायला लागले.

त्या वेळी मी एकच गोष्ट करायला हवी होती. तेलाच्या टाकीचं झाकण काढून बोट बुडवायचं. जुनं तेल काजळीसारखं काळं असतं, नवं तेल बोटावर चकाकतं. पापणी लवेपर्यंत झालं असतं ते. मी बोट बुडवलं नाही. मी दाजींकडे वळलो.

"तेल बदललं का?"

"बदललं की."

"कुठलं घातलं?"

"नवं."

आणि तेवढ्यात मला वार आठवला. मला वाटलं, सापडलं. जुनं, जळून पातळ झालेलं तेल असलं की दाब धरत नाही आणि बटण बाहेर येत नाही. काल शनिवार, हे शनिवारी तेल घेत नाहीत, मग नवं आलं कुठून? जुनंच परत ओतलं असणार. सगळं इतकं नीट जुळलं की पुढे काही बघायची गरजच मला वाटली नाही.

"काल शनिवार हुता," मी म्हटलं.

"व्हय. म्हनून शुक्रवारीच आनून ठिवलं."

"मग काढलेलं जुनं तेल कुठंय? डबा रिकामा दिसतोय."

"बैलगाडीवाला आल्ता, त्याला दिलं. आसाला वंगन लागतं. शनिवारी तेल दिल्यालं बरं असतं."

बागाईतदार मोठ्याने हसले. "म्हंजी घ्यायचं न्हाई, आन् द्यायचं मातुर हाय. लई सोयीचा देव हाय तुमचा, पाव्हनं."

टपरीवर दोघेतिघे हसले. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणतो याची ते वाट बघत होते. मी एक शब्द त्यांच्या बाजूने बोललो असतो तरी पुरलं असतं. पण मला माझं गिऱ्हाईक दिसत होतं. आपल्या गॅरेजचं नाव खराब होऊ नये, झालंच तर दुसऱ्या कुणामुळे तरी झालं असं दिसावं, एवढंच त्या घटकेला माझ्या मनात होतं. मी बागाईतदारांकडे तोंड करून म्हणालो, "काय करता साहेब, भाच्यांच्या तोंडाकडं बघून ठेवून घेतलंय ह्यांना. न्हाईतर कोन ठेवील असला मानूस?"

हसणं थांबलं. टपरीवाल्याने स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली, खरं तर त्याची गरज नव्हती.

दाजींनी हातातला पाना पुसला. गोणपाटावरचे इतर पाने गोळा करून पेटीत ठेवले, लहानमोठे लावून. पेटी बंद केली. शेडची किल्ली त्यांच्या कमरेला असायची, ती काढून खिळ्याला अडकवली आणि मागच्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का शेडच्या दारात आली. कडेवर धाकटा भाचा, पायाशी बोचकं. दाजी पुढे रस्त्यावर थांबले होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. मी आक्काला म्हटलं की रागाच्या भरात निघालं तोंडातून, एवढं कशाला मनावर घ्यायचं. आक्का कधी आवाज चढवून बोलत नसे, तेव्हाही बोलली नाही.

"ह्या मानसानं दुसऱ्याच्या बांधावरची वाळकी काडी कधी घरात आनली न्हाई," ती म्हणाली. "आन् तू ठेवून घेतलं म्हनतोस. बोलवायला कोन आल्तं, ते आठीव."

ती गेली. मी गाडीपाशी येऊन बसलो. मनात अजूनही मी स्वतःला सांगत होतो की तेल जुनं असणार, मग माझं बोलणं थोडं कडू असलं तरी खोटं ठरणार नाही. त्या आशेवर मी तेल काढायला घेतलं. थाळीत पडलेलं तेल करडईच्या तेलासारखं होतं, तांबूस, स्वच्छ. मी ते दोन बोटांत चोळून पाहिलं. नंतर वास घेतला. काजळी नाही, जळका वास नाही. शुक्रवारी आणलेलं तेल माझ्यासमोर थाळीत होतं.

लगेच उठून एसटी स्टँडवर पळत जायला हवं होतं. बस सुटायला वेळ होता. पण मला आणखी एक वाट दिसली. तेल नवं, पण दाजींनी काहीतरी चुकीचं खोललं असेल, पंपात घाण गेली असेल. माणूस स्वतःला वाचवायला किती खोल खणत जातो! मी बाजूचं झाकण उघडून तेलाचा पंप काढला. त्याचे दट्टे बघितले, आतली गोळी आणि तिची स्प्रिंग काढून रॉकेलमध्ये धुतली. कुठे ओरखडा नाही, कुठे कचरा नाही. सगळं परत बसवलं, काढलेलंच तेल फडक्यातून गाळून भरलं आणि गाडी चालू केली. बटण आतच.

मग जे पहिल्या मिनिटाला करायचं ते मी सगळ्यात शेवटी केलं. टाकीचं झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं आणि आत बघितलं. इंजिनात फिरून परत येणारं तेल नळीच्या तोंडातून थुईथुई पडत होतं. वरच्या बाजूला जाणाऱ्या तेलाच्या नळीचा नट जरासा सैल केला, तर तिथूनही तेल फुटलं, बोटाने दाबलं तरी थांबत नव्हतं इतक्या जोराने. म्हणजे तेल होतं, नवं होतं, फिरत होतं, दाबही होता. इंजिनातली प्रत्येक वस्तू खरं बोलत होती. एकटं बटण खोटं बोलत होतं.

बटण खोललं. दांडी बोटाने ढकलली, हलेना. पक्कडीत धरून ओढली तेव्हा ती फडकन निघाली आणि तिच्यावर वालट्यूबचा तो तुकडा होता. महिनाभर गरम तेलात राहून तो भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखा फुगला होता. फुगून भोकात गच्च बसला होता, मग बटण बाहेर येणार कसं? तुकड्याच्या एका टोकाला माझ्या ब्लेडचा तिरका काप दिसत होता. तो मी ओळखला.

इथपर्यंतची चूक घाईची होती असं म्हणता येईल. पुढची तशी नव्हती.

बागाईतदार दोन दिवसांनी आले तेव्हा मी बटणात लाकडी मेख ठोकून, झिरपणं बंद करून, गाडी तयार ठेवली होती. मुंबईहून नळी येईपर्यंत बटणाकडे बघू नका, टाकीचं झाकण उघडून तेल परत येतंय का तेवढं बघा, असं त्यांना सांगितलं. बटणच अडकलं होतं, असंही सांगितलं. का अडकलं ते सांगितलं नाही. त्यांनी किक मारली, टाकीत डोकावून पाहिलं, त्यांचं समाधान झालं. मग म्हणाले, "आन् पाव्हन्याचं ते जुनं तेल काढून टाकलं ना?"

मी मान हलवली. होकारार्थी. तोंडातून शब्दसुद्धा काढला नाही, इतका मी सावध होतो.

बागाईतदारांना गोष्ट सांगायची हौस होती. मार्केटमध्ये, पेट्रोल पंपावर, राहुरीला, जिथे जातील तिथे त्यांनी शनिवार पाळणाऱ्या पाहुण्याची गोष्ट रंगवून सांगितली. मला ती वेगवेगळ्या तोंडांतून परत ऐकू यायची. एकाने तर गाडी टाकताना विचारलं, "तुमचे ते दाजी गेले ना? मग ठीक." मी म्हटलं, "गेले." गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट, माणूस काढून टाकला म्हणजे मालक कडक आहे, असं लोकांना वाटलं.

दाजी आणि आक्का गावाकडे पाझर तलावाच्या कामावर लागले होते. मी ज्वारीचं एक पोतं एसटीच्या टपावर टाकून पाठवलं. उलट्या फेरीला ते परत आलं, तोंडाची शिवण जशीच्या तशी. मी लग्नाकार्यात तोंड चुकवायला लागलो. त्या दिवसांत रात्रीची झोप गेली वगैरे मी म्हणणार नाही. झोप लागायची. पण रोज सकाळी खिळ्यावरची किल्ली काढताना हात थांबायचा.

उन्हाळा चढला तेव्हा मी एकदाचा गेलो. तलावाचा बांध म्हणजे लांबच लांब मातीचा ढीग, त्याच्यावर मुंग्यांसारखी माणसं. कुठे सावली म्हणून नाही. आक्का डोक्यावर पाटी घेऊन बांध चढत होती. तिने मला पाहिलं, थांबली नाही, पाटी रिकामी करूनच खाली आली. दाजी एका कडेला खडी फोडत बसले होते. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. फोडलेली खडी त्यांनी नीट चौकोनात रचली होती, कडा सरळ. शेजारच्यांचे नुसते ढिगारे होते.

"या," ते म्हणाले. "बसा. हितं बटन न्हाई बरं का. घाम आला म्हंजी समजायचं, इंजन चालू हाय."

मी दगडावर बसलो. जेवणाची सुट्टी झाली, सुकडी वाटली, आक्काने माझ्या हातावरही मूठभर ठेवली. मी खिशातून तो फुगलेला रबराचा तुकडा काढला आणि सगळं सांगितलं. वालट्यूब, थाळीतलं तेल, टाकीत पडणारी धार. मान हलवल्याचंही सांगितलं. दाजींनी तुकडा हातात घेऊन निरखला.

"मी इच्यारलं हुतं," ते म्हणाले. "टिकंल का म्हनून."

"व्हय. तुमी विचारलं हुतं. चुकलो मी, दाजी. पाया पडतो."

मी वाकलो तर त्यांनी माझा खांदा धरून मला वर केलं. वाटलं, झालं. पण ते तसेच खांदा धरून राहिले.

"हितं पाया पडून काय उपेग?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, एखादं काम समजावून सांगावं तसे ते बोलत होते. "ह्या बांधावर कुनाला ठावं हाय, मी जुनं तेल घातलं म्हनून? हितं मी चांगलाच हाय. जिथं माझं नाव गेलं तिथं सांगा. त्याच बाकड्यावर, त्याच मानसांम्होरं. मी येतो. शनिवारी खाडा करून शिंगनापूरला जायचंय, तिथनं येतो."

"बागाईतदारालाबी बोलवायला लागंल?"

"हसलं ते. मग ऐकाया नको?"

आक्काने सुकडीचे हात पदराला पुसले. ती म्हणाली, "आन् तू तितं बोलशील का गप ऱ्हाशील, ते आत्ताच सांग. ह्यांची एका दिसाची हजेरी बुडनार हाय."

मी बोलेन म्हणालो. परतीच्या एसटीत मात्र मी बहाणेच शोधत होतो. बागाईतदारांना त्या दिवशी निरोपच पोचला नाही असं म्हणता आलं असतं. ते गिऱ्हाईक मोठं होतं, बाकीची निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्या ओळखीने आलेली होती. वालट्यूब घालणारा मेकॅनिक म्हणून माझी गोष्ट ते मार्केटभर सांगतील, यात शंका नव्हती. आणि ती गोष्ट खरी असणार होती. दाजींची खोटी होती, तरी तिच्यासकट ते इतके महिने खडी फोडत होते. पाथर्डीच्या पुढे कुठेतरी माझे बहाणे संपले. मी निरोप पाठवला की गाडीची नळी मुंबईहून आलीय, शनिवारी दुपारी घेऊन या.

त्यानंतरचं थोडं इथेच सांगून टाकतो. दाजी पुन्हा माझ्या शेडवर कामाला आले नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले की आता विहीर खोल करायचीय. पण दिवाळीत आक्का भाऊबीजेला आली, आणि दाजी तिला पोचवायला बोळाच्या तोंडापर्यंत नाही, आतपर्यंत आले. बागाईतदारांनी काही दिवस गाडी दुसरीकडे दाखवली, मग परत माझ्याकडे आणायला लागले. दरवेळी विचारायचे, "आज काय घातलंस? फुगा का चप्पल?" मी ते सोसत आलो.

तर त्या शनिवारी दाजी आले. कपाळाला शेंदूर, हातात नारळाची शकलं. कुणाला न विचारता टपरीच्या बाकड्याच्या टोकाला बसले आणि प्रसादाचा तुकडा टपरीवाल्यापुढे केला. बागाईतदार चहा पीत होते. दाजींना पाहून त्यांनी चष्मा काढला.

"काय पाव्हनं, आज शनिवार. तेल घ्यायला आला का द्यायला?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. त्या रविवारी बघितलं होतं तसंच. ते वाट बघत होते.

मी शेडमधून बाहेर आलो. फडक्यात गुंडाळलेला तुकडा बाकड्यावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला. बागाईतदारांच्या बोळभर जाणाऱ्या आवाजाचा मला पहिल्यांदाच हेवा वाटला. माझा आवाज टपरीपर्यंतसुद्धा पोचेल की नाही अशी शंका होती, म्हणून मी जरा जास्तच मोठ्याने बोललो. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबला.

"साहेब, तुमच्या गाडीत तेल नवंच हुतं. दाजींनी शुक्रवारी आनून ठिवलं हुतं. बटन अडकलं ते ह्या रबरानं, सायकलच्या वालट्यूबनं. ती मी घातली हुती. दाजी तवाच विचारत हुते, टिकंल का, आन् मी टिकंल म्हनलो. नंतर मला सगळं कळलं, तरी तुमी इच्यारलं तवा मी मान हलवली."

बागाईतदारांनी तुकडा उचलून चिमटीत दाबून पाहिला. ते काहीतरी बोलणार होते, पण मी थांबलो असतो तर परत सुरू करता आलं नसतं. मी दाजींकडे वळलो.

"दाजी, मी हितंच म्हनलो हुतो, भाच्यांच्या तोंडाकडं बघून ठेवून घेतलंय. ते खोटं हाय. तुमाला कुनी ठेवून घेतलं नव्हतं. मी तुमच्या दारात आल्तो, माझी अडचन हाय म्हनून. तुमी माझ्यासाठी आल्ता. माझं चुकलं. मला माफ करा."